परार्धाच्या पलीकडचं एक ग्रॅम

जळगावच्या सराफ बाजाराचं नाव सोन्यासाठी साऱ्या महाराष्ट्रात घेतलं जातं. शिरपूरला तर सोनं शुद्ध करणारी रिफायनरीच उभी राहिली. एका बाजूला सातपुडा, दुसऱ्या बाजूला तापी, मधे केळी आणि कापूस, आणि अशा तालुक्यात सोन्याच्या लगडी! खानदेशाचं आणि सोन्याचं असं सूत जुळलेलं आहे. म्हणून आज आपण सोनंच हातात घेऊ. फार नको, एक ग्रॅम पुरे. वितळवून त्याचा चौकोनी ठोकळा केला तर त्याची बाजू पावणेचार मिलिमीटर भरते. हरभऱ्याच्या दाण्याहून लहान. तळहातावर ठेवला तर नीट दिसायलाही वाकून बघावं लागेल.

आता या दाण्यात काय काय मावलंय ते आपण दोघं मिळून मोजू. सावकाश चालू, पण चालत राहू. रस्ता लांब आहे.

कोटी कोटी कोटी

या दाण्यात सोन्याचे अणू किती? आकडा सरळ लिहूनच काढू:

३,०५,७०,००,००,००,००,००,००,००,०००.

तोंडाने म्हणायचं तर तीन कोटी कोटी कोटी. कोटी हा शब्द चुकून तीनदा छापलेला नाही. एक कोटी घ्या, त्याची कोटी पट करा, जे येईल त्याची पुन्हा कोटी पट करा, आणि असे तीन ढीग घाला. तेवढे अणू, हरभऱ्याहून लहान तुकड्यात!

मोठ्या संख्यांशी खानदेशाची ओळख जुनी आहे. चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख सांगतो की भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तिथे मठ स्थापला. साल होतं १२०७. त्या भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’ लिहिली आणि तिच्यात संख्यांच्या स्थानांची नावं दिली. एक, दश, शत, सहस्र असं चढत चढत कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, आणि शेवटी परार्ध. एकावर १७ शून्यं. तिथे नावं संपतात. त्यापुढची संख्या कुणाच्या व्यवहारात यावी तरी कशाला?

आपल्या एका ग्रॅममध्ये असे ३० हजार परार्ध आहेत! एक परार्ध अणू जमवायला सोन्याचा केवढा कण लागतो, माहीत आहे? मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढा. रांगोळीच्या बारीक कणाएवढा. बोटाला चिकटला तर झटकून टाकाल, आणि त्याबरोबर भास्कराचार्यांच्या यादीतली शेवटची संख्या झटकून टाकाल.

मोजायचंच ठरवलं तर? देशातल्या १४० कोटी माणसांना कामाला लावू. तान्ह्या बाळापासून पणजीपर्यंत सगळ्यांना. प्रत्येकाने सेकंदाला एक अणू मोजायचा. जेवण नाही, झोप नाही, दिवाळीची सुट्टी नाही. मोजणी संपायला ६९ हजार वर्षं लागतील. माणूस शेती करायला लागून साधारण अकरा-बारा हजार वर्षं झाली. त्याच्या सहापट काळ, आणि तोही सगळा देश मिळून!

पैशात बोलू. प्रत्येक अणूला एक पैसा किंमत लावली. रुपया नाही, पैसाच. देशाचं वर्षाचं सगळं उत्पादन मिळून आज ३०० लाख कोटी रुपयांच्या पुढे जातं. ३०० लाख कोटी धरले तरी या एका ग्रॅमचे पैसे चुकते करायला सगळ्या देशाची एक लाख वर्षांची कमाई घालावी लागेल. आता हाच हिशोब उलटा करू. सोन्याचा भाव रोज हलतो, आकडेमोड सोपी व्हावी म्हणून ग्रॅमला दहा हजार रुपये धरू. मग एका रुपयात सोन्याचे तीन परार्ध अणू येतात. बाजारात एवढं स्वस्त दुसरं काही मिळत असेल का?

आणि पाण्यात बोलल्याशिवाय शिरपूरचा हिशोब पुरा होईल कसा? पाणी अडवण्याच्या ‘शिरपूर पॅटर्न’ने या तालुक्याचं नाव राज्यभर नेलं. तेव्हा माप विहिरीचंच घेऊ. २० फूट रुंद, ४० फूट खोल, काठोकाठ भरलेली. तिच्यात सुमारे ३ लाख ५६ हजार लिटर पाणी मावतं. आपल्या ग्रॅममधल्या प्रत्येक अणूच्या जागी पाण्याचा एक थेंब ठेवला, तर अशा ४३ हजार कोटी विहिरी भरतील. देशातल्या प्रत्येक माणसाच्या वाट्याला ३०७ विहिरी! विहिरी पुरेनात तर तापीच्या खालच्या अंगाला उकाई धरण आहे. बांधताना त्याची साठवण सुमारे ७४० कोटी घनमीटर धरली होती. ते वीस हजार वेळा भरावं लागेल.

रांग सुरू होते

मोजदाद झाली, आता या अणूंना रांगेत उभं करू. सोन्यात एका अणूच्या मध्यापासून शेजारच्या अणूच्या मध्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरच्या ३५ लाखाव्या भागाएवढं आहे. इतके बारीक मणी एका दोऱ्यात ओवायचे. माळ किती लांब होईल? शिरपूर गावाला वेढा पडेल? धुळ्यापर्यंत जाईल?

८८ कोटी किलोमीटर!

मुंबई ते पुणे १५० किलोमीटर धरले तर ५८ लाख ८० हजार फेऱ्या. रोज एक फेरी मारणाऱ्याला १६ हजार वर्षं पुरतील. सूर्य आपल्यापासून १५ कोटी किलोमीटरवर आहे. ही माळ सूर्यापर्यंत जाते, परत येते, पुन्हा जाते, पुन्हा येते, तिसऱ्यांदा जाते आणि परतीच्या वाटेवर घराजवळ येईतो संपते. सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाशसुद्धा या माळेच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचायला ४९ मिनिटं घेईल. एका ग्रॅमची ही माळ!

बारीक वस्तू नजरेला पडत नाही, तेव्हा मोठी करून बघू. प्रत्येक अणू फुगवून ज्वारीच्या दाण्याएवढा करू, चार मिलिमीटरचा. मांडणी आहे तशीच ठेवायची, दाण्याला दाणा लागून. आता आपला पावणेचार मिलिमीटरचा ठोकळा केवढा झाला?

त्याची एक बाजू झाली ५२ किलोमीटर. म्हणजे एक कोपरा शिरपुरात ठेवला तर दुसरा धुळ्यात. तेवढीच रुंदी आणि तेवढीच उंची! एव्हरेस्ट नऊ किलोमीटरही नाही. जवळजवळ सहा एव्हरेस्ट एकावर एक ठेवावेत एवढा उंच, शिरपूर ते धुळे एवढा लांब, आणि तळापासून माथ्यापर्यंत ज्वारीच ज्वारी. ढग त्याच्या पायाशी घुटमळतील. विमानाला वरून जाता येणार नाही, वळसाच घालावा लागेल.

एक दाणा ३० मिलिग्रॅमचा धरू. डोंगराचं वजन होतं सुमारे ९२ लाख कोटी टन. साऱ्या जगात वर्षाला गहू, तांदूळ, मका, ज्वारी, बाजरी असं सगळं धान्य मिळून ३०० कोटी टनांच्या आसपास पिकतं. सगळ्या जगाने ३० हजार वर्षं पिकवलेलं धान्य एकाही भाकरीला न लावता साठवलं, तर आपला डोंगर तयार.

हे धान्य हलवायचं कसं? रेल्वेने. शिरपूरला अजून गाडी नाही. मनमाड–इंदूर मार्गाला केंद्र सरकारने २०२४ साली मंजुरी दिली आहे. तोवर नरडाण्याहून माल चढवू. एका मालगाडीत अडीच हजार टन ज्वारी, गाडीची लांबी ६५० मीटर. लागतील सुमारे ३ हजार ७०० कोटी मालगाड्या! एकीला एक जोडत जा. ही आगगाडी २,४०० कोटी किलोमीटर लांब होते. नेपच्यून ग्रह सूर्यापासून ४५० कोटी किलोमीटरवर, त्याच्या पाचपट लांब. व्हॉयेजर–१ हे यान १९७७ पासून सूर्यमालेबाहेर धावत सुटलंय आणि आता २,५०० कोटी किलोमीटरच्या आसपास पोचलंय. आपल्या गाडीचा गार्डचा डबा नरडाण्याला उभा असेल तेव्हा इंजिन जवळजवळ व्हॉयेजरच्या शेजारी असेल. आणि डब्यांत काय भरलेलं? एका ग्रॅमचे अणू.

एकही दाणा सांडलेला नाही

पण खरं थक्क करणारं पुढेच आहे. इतका मोठा ढीग म्हटला की तो वेडावाकडा असणार, असं आपल्याला वाटतं. सोन्यात तसं नाही. इथे अणू ओतलेले नाहीत, रचलेले आहेत.

फळवाला मोसंबी कशी रचतो, ते आठवा. खालच्या थरात तीन मोसंबी जुळली की मधे खळगा होतो, वरचं मोसंबं त्या खळग्यात बसतं. सोन्याचे अणू अगदी तसेच बसतात. प्रत्येकाला बरोबर १२ शेजारी. सहा आपल्या थरात, तीन वर, तीन खाली. या रचनेत ७४ टक्के जागा भरते. याहून दाट रचना होऊच शकत नाही, असं केप्लरने १६११ साली म्हणून ठेवलं. ते सिद्ध व्हायला १९९८ साल उजाडलं, अमेरिकेतल्या थॉमस हेल्स यांच्या हातून. ३८७ वर्षं! फळवाल्याने हातगाडीवर जे रोज केलं, सोन्याने जे आपल्या पोटात कायम केलं, ते कागदावर उतरवायला माणसाला पावणेचारशे वर्षं लागली.

अशा रचलेल्या अणूंच्या स्फटिकांतून क्ष-किरण सोडून आत डोकावता येतं, हे १९१२ साली लाऊए यांच्या प्रयोगातून कळलं आणि ब्रॅग पितापुत्रांनी लगेच रचना वाचायची रीत बसवली. तेव्हापासून सोन्याचा नकाशा आपल्या हातात आहे. त्यात एक चौकोनी खण पुन्हा पुन्हा येतो. आठ कोपऱ्यांवर आठ अणू आणि सहा बाजूंच्या मधोमध सहा. आपल्या ठोकळ्याच्या एका कडेला असे ९१ लाख खण ओळीने बसतात. ९१ लाख लांबीत, ९१ लाख रुंदीत, ९१ लाख उंचीत.

आणि हे अणू गप्प उभे नाहीत! प्रत्येक अणू आपल्या जागी सेकंदाला तीन लाख कोटींहून जास्त वेळा थरथरतोय. एका सेकंदातले हे हेलकावे तुम्ही सेकंदाला एक या गतीने मोजायला बसलात, तर एक लाख वर्षं लागतील. एवढी थरथर चालू, आणि तरी रांग मोडत नाही. शिरपूरपासून धुळ्यापर्यंत सव्वा कोटी दाण्यांची ओळ, सगळे दाणे नाचताहेत, आणि ओळ सुतात.

मात्र अख्खा डोंगर एकाच दिशेने रचलेला नसतो. त्यात पाडे असतात. प्रत्येक पाड्यातल्या ओळी सरळ, पण शेजारच्या पाड्यातल्या ओळींची दिशा वेगळी. खऱ्या सोन्यात असा एक पाडा मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा धरू. ज्वारीच्या मापात तो होतो ७०० मीटरचा. शिरपूर ते धुळे ७५ पाडे, रुंदीत ७५, उंचीत ७५. एकूण ४ लाखांच्या वर. एकेका पाड्याची वस्ती ७४ कोटी कोटी! आणि दोन पाड्यांच्या शिवेवर जिथे ओळी जुळत नाहीत, ती गडबडीची पट्टी किती रुंद? अवघे दोन-तीन दाणे.

रिकाम्या जागा, परके पाहुणे

आता आपण दोषांकडे आलो. आणि इथून आकडे वेगळेच खेळ दाखवू लागतात.

पहिला दोष म्हणजे रिकामी जागा. जिथे अणू असायला हवा तिथे कुणीच नाही. उन्हाळ्यातल्या साध्या हवेत आपल्या ग्रॅममध्ये अशा जागा किती? हिशोब सांगतो, दहा लाखांच्या आसपास. वाचायला आकडा मोठा आहे, पण तो ३० हजार परार्धांतला आहे हे विसरू नका! ज्वारीच्या डोंगरात तुम्ही एका रिकाम्या जागेवर उभे असाल तर दुसरी शोधायला अर्धा किलोमीटर जावं लागेल. अर्धा किलोमीटर चार मिलिमीटरच्या दाण्यांमधून, आणि वाटेत एकही दाणा गहाळ नाही. कुठल्या कोठाराचा हिशोब इतका चोख असतो?

आता हाच तुकडा भट्टीत घाला. सोनं १,०६४ अंशांना वितळतं. त्याच्या अगदी जवळ पोचलं की रिकाम्या जागा होतात दर दहा हजारांत सात. सातच ना? एका ग्रॅममध्ये ते झाले २१ परार्ध! दहा लाखांवरून २१ परार्ध. दोन लाख कोटी पट. अर्ध्या किलोमीटरवर असलेली शेजारची रिकामी जागा आता मुठीएवढ्या अंतरावर आली. आणि एवढं होऊनही ठोकळा घट्टच आहे, अजून पाणी झालेला नाही.

दुसरा दोष म्हणजे परका अणू. ९९९.९ शुद्धतेचं सोनं म्हणजे दहा हजार भागांत एकच भाग बाहेरचा. त्याला आपण चोख म्हणतो, आणि ते म्हणणं बरोबरच आहे. पण तो एक भाग चांदी धरला तर एका ग्रॅममध्ये चांदीचे अणू भरतात साडेपाच परार्ध. चोख सोन्यातली भेसळ मोजतानाही ‘लीलावती’ची यादी अपुरी पडते!

दागिन्याचं २२ कॅरेट सोनं घ्या. त्यात वजनाने ८.४ टक्के दुसरे धातू. निम्मं तांबं, निम्मी चांदी धरू. तांब्याचा अणू सोन्याच्या अणूच्या एक तृतीयांशाहूनही हलका, चांदीचा जेमतेम निम्म्याहून थोडा जास्त. म्हणून तराजू ८.४ टक्के दाखवतो, पण डोकी मोजली तर परके निघतात १८ टक्के. दर अकरा अणूंत दोन पाहुणे! हेच पाहुणे ओळींच्या सरकण्यात अडसर घालतात. म्हणून बांगडी मनगटावर आकार धरून राहते, आणि चोख सोन्याची केली तर सहज दबते.

परक्या अणूची करामत बघायची तर घराच्या छपरावरच्या सौरपट्टीवर किंवा शेतातल्या सौरपंपाच्या पट्टीवर बघा. तिथे सिलिकॉन आहे. सिलिकॉनच्या एका घन सेंटिमीटरमध्ये अणू ५० कोटी कोटी कोटी. त्यात दर पाच कोटी अणूंमागे फॉस्फरसचा एक अणू सोडला की विजेला होणारा अडथळा हजारो पटींनी खाली येतो. पाच कोटींत एक! देशाच्या १४० कोटींत हे प्रमाण होतं २८ माणसांचं. २८ माणसं एका बसमध्ये बसतात, आणि इथे तेवढ्यांनी सगळा देश हलवला. विहिरीचं पाणी उन्हाच्या जोरावर वर येतं ते असल्या मूठभर पाहुण्यांच्या बळावर.

म्हैस आणि पेरू

आता सर्वांत मोठा दोष, आणि त्याच्यामागचं कोडं.

सोनं वाकतं म्हणजे आत काय होतं? अणूंचा एक थर दुसऱ्यावरून सरकतो. प्रत्येक अणूला १२ शेजाऱ्यांनी धरून ठेवलेलं असताना थर सरकवायला जोर किती लागेल? रशियाच्या फ्रेंकेल यांनी १९२६ साली हिशोब मांडला. तो सोन्याला लावला, तर एका चौरस मिलिमीटरएवढ्या, म्हणजे पेन्सिलीच्या टोकाएवढ्या थराला सरकवायला सुमारे ४४० किलोचा जोर लागायला हवा. एक चांगली दुभती म्हैस!

आणि प्रत्यक्षात चोख सोन्याच्या सलग स्फटिकाला किती पुरतो? सुमारे १०० ग्रॅम. एक पेरू.

म्हैस कुठे, पेरू कुठे! दहा-वीस टक्क्यांचा फरक नाही, चार हजार पटींहून जास्त. हिशोबात चूक नव्हती, सोन्यातही नव्हती. मग मधे कोण होतं?

१९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी आपापल्या जागी एकच उत्तर काढलं. शेतात तिफणीने सरळ ओळी पेरल्या आहेत आणि मधेच कुठूनतरी एक जादा ओळ सुरू झाली आहे, असं डोळ्यांसमोर आणा. जिथून ती सुरू होते तिथे शेजारच्या ओळी थोड्या फाकतात. स्फटिकात अशी अख्खी जादा पातळी घुसलेली असते, आणि तिची कडा म्हणजे एक रेघ. दोषाची रेघ. थर सरकायचा तर सगळे अणू एकदम हलावे लागत नाहीत. ही रेघ एक एक अणूने पुढे जाते, आणि ती पार गेली की थर सरकलेला असतो. कोट्यवधी अणूंना एकदम उचलायला म्हैस लागते. एका रेघेला ढकलायला पेरू पुरतो. १९५६ साली केंब्रिजमध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या रेघा चालताना दिसल्या. त्याआधीच १९५२ साली अमेरिकेत हेरिंग आणि गाल्ट यांनी कथलाच्या जवळजवळ निर्दोष, केसाहूनही बारीक तंतूंवर जोर लावून पाहिला होता. ते तंतू साध्या कथलाच्या मानाने अफाट बळकट निघाले. दोष नाही, तिथे म्हशीचाच जोर लागतो!

रेघ किती लांब?

भट्टीत तापवून मऊ केलेल्या एका ग्रॅम सोन्यातल्या या सगळ्या रेघा एकापुढे एक जोडल्या तर लांबी भरते सुमारे पाच किलोमीटर. हरभऱ्याहून लहान दाण्यात पाच किलोमीटर! चालत गेलात तर तासभर लागेल.

आता सोनार हातोडा उचलतो. ठोकतो, ओढतो, पिळतो, पट्टी काढतो. प्रत्येक ठोक्यासरशी आत नव्या रेघा जन्मतात, एकीतून दुसरी फुटते, त्या एकमेकींत अडकतात, गुंतवळ होते. भरपूर ठोकलेल्या धातूत त्यांची दाटी लाख पटींनी वाढते. पाच किलोमीटरची झाली पाच लाख किलोमीटर!

मुंबई–पुणे ३ हजार ३०० फेऱ्या होऊनही अंतर अपुरंच पडतं. आपल्या देशातल्या सगळ्या रेल्वेमार्गांची लांबी ६९ हजार किलोमीटर आहे. कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंतचे सगळे रेल्वेमार्ग सात वेळा अंथरले तरी एका ग्रॅममधली रेघ उरते. चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. रेघ चंद्र ओलांडून जाते. म्हणून ठोकत गेलं की सोनं कडक होतं: रेघा इतक्या झाल्या की त्यांना चालायला वाट उरत नाही. म्हणून सोनार मधेच पुन्हा तापवतो: उष्णता गुंता सोडवते, लाखो किलोमीटर रेघा मिटतात, सोनं पुन्हा हाताला मऊ लागतं. एका तापवणीत चंद्राच्या पलीकडचं अंतर पुसलं जातं!

या चालत्या रेघांच्या जोरावरच एका ग्रॅमची दोन किलोमीटर तार निघते, केसाच्या दहाव्या भागाएवढी बारीक. म्हणजे ७५ ग्रॅम, साडेसात तोळे सोन्यात मुंबईपासून पुण्यापर्यंत अखंड तार. त्या रेघांच्या जोरावरच वर्ख इतका पातळ ठोकता येतो की त्याच्या जाडीत अणूंचे थर उरतात पाचशेच्या आसपास.

आता शेवटची चढण. आपल्या देशात घराघरांतलं सोनं मिळून २५ हजार टनांच्या आसपास असावं, असा जागतिक सुवर्ण परिषदेचा अंदाज आहे. बांगड्या, पाटल्या, मंगळसूत्रं, नथी, एकदाण्या, आजीच्या पेटीतली पुतळ्यांची माळ. हे सगळं भरपूर ठोकून घडवलेलं धरू, आणि आतल्या सगळ्या दोषरेघा एकीला एक जोडू.

१३० कोटी कोटी किलोमीटर! मुंबई–पुण्याच्या ८६ लाख कोटी फेऱ्या. सूर्य मागे पडला, नेपच्यून मागे पडला, व्हॉयेजर कधीच मागे पडलं. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर, तोही मागे पडला. ही रेघ १,३०० प्रकाशवर्षांच्या पुढे जाते. तिच्या दूरच्या टोकाहून बदामीच्या चालुक्यांच्या काळात निघालेला प्रकाश आपल्याकडे आत्ता कुठे पोचत असता. आकाशातलं हे अंतर आपल्या बायाबापड्यांनी गळ्यात, कानात, मनगटावर घातलेलं आहे!

आणि हे सगळं अंतर चुकांचं आहे. कोटी कोटी कोटी अणू आपल्या जागी ठाम उभे आहेत म्हणून सोनं पिढ्यान् पिढ्या टिकतं. पण तेवढंच असतं तर सोन्यासमोर हातोडा हरला असता, पट्टी ओढली गेली नसती, फासा वळला नसता, नथीचा आकडा वाकला नसता. टिकणं शिस्तीचं देणं आहे, घडणं दोषांचं. सोनाराच्या कलेचं सगळं भांडवल या मोडलेल्या ओळींत आहे.

घरात पाच ग्रॅमची अंगठी असेल तर आत्ताच काढा आणि गुणाकार करून बघा. अणू पंधरा कोटी कोटी कोटी. रांगेत लावले तर ४४० कोटी किलोमीटर, जवळजवळ नेपच्यूनपर्यंत. ठोकून घडवलेली असेल तर आतली रेघ २६ लाख किलोमीटर, चंद्रापर्यंत जाऊन-येऊन तीन फेऱ्या, आणि चौथ्यांदा निम्म्याहून पुढची वाट. तराजूवर मात्र पाच ग्रॅमच भरतील!